तासभर जास्त उडालेलं बलून

वडील नगरपालिकेत कारकून होते. नाशिकरोडच्या आमच्या वसाहतीत रविवारी विहारात माणसं जमली, की त्यांना कुणीतरी हमखास विचारायचं, "मुलगा मुंबईला काय करतो?" वडील म्हणायचे, "आकाशाचं काम करतो." त्यापुढचं त्यांना सांगता यायचं नाही. मलाही त्यांना बसवून नीट समजावून सांगायला कधी सवड झाली नाही, ही पहिली चुटपुट. पण आज सांगायचं आहे ते वेगळं आहे.

काम असं होतं. गॅमा किरण म्हणजे एका परीनं प्रकाशच, पण डोळ्यांना न दिसणारा आणि भयंकर ताकदीचा. आकाशातल्या मोजक्या जागांवरून तो येतो. आपल्या डोक्यावरची हवा त्याला जमिनीपर्यंत पोचू देत नाही, म्हणून तो टिपायचा तर यंत्र हवेच्या वर न्यावं लागतं. उपग्रह आमच्या हातात नव्हता. बलून होतं. दुधाच्या पिशवीहून पातळ प्लास्टिकचं, वर जाऊन फुगलं की एखाद्या टेकडीएवढं होणारं. हैदराबादजवळच्या माळावरून ते पहाटे सोडायचं, दिवसभर वर तरंगू द्यायचं, मग खालून रेडिओनं हुकूम देऊन यंत्र त्याच्यापासून तोडायचं. यंत्र पॅराशूटला लटकत खाली यायचं आणि आम्ही जीपमधून ते शोधत जायचो.

यंत्र रशियनांचं होतं. मोटारीएवढं एक पिंप, आत धातूच्या चकत्या, त्यांच्यामधून किरण गेला की ठिणगी पडायची आणि कॅमेरा तिचा फोटो घ्यायचा. बलून, वायू, रेडिओ, उडवायची सगळी कसरत आमची. फिल्म दोघांची. सत्तरच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी या कामात पडलो. एक हिवाळा मॉस्कोत काढून फिल्म वाचायला शिकलो आणि मोडकंतोडकं रशियनही बोलायला लागलो. त्यामुळे पुढे दोन्ही तुकड्यांच्या मधला दुभाषा मीच झालो.

रशियन तुकडीच्या प्रमुख पन्नाशीच्या एक बाई होत्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. हैदराबादच्या उन्हात मानेवर ओला पंचा टाकून त्या स्वतः पिंपाचे स्क्रू आवळायच्या. आमच्या आणि त्यांच्या तुकडीत भांडणं रोजची. त्यांचे स्क्रू आमच्या पान्यात बसायचे नाहीत, आमच्या जेवणातली मिरची त्यांच्या पोटात बसायची नाही. पण उड्डाणाच्या दिवशी सगळे एका खोलीत, एका यंत्राकडे डोळे लावून बसलेले असायचे. त्या खोलीत आपण कुठल्या देशाचे हे मी खरोखर विसरून जायचो.

मॉस्कोहून परतल्यानंतरच्या एप्रिलमध्ये आम्हाला मिथुन राशीतला एक ठिपका बघायचा होता. तिथून गॅमा किरण येतात असं उपग्रहांनी सांगितलं होतं, पण त्या जागी किरण पाठवणारं काय आहे हे जगात कुणालाच सापडत नव्हतं. एप्रिलमध्ये तो भाग दुपार कलल्यावर बरोबर डोक्यावर येतो. बलून पहाटे सुटलं, छान चढलं, यंत्र उत्तम चालू होतं. फक्त वरचा वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला. आम्ही यंत्र बीडच्या बाजूला उतरवणार होतो. ठिपका डोक्यावर यायच्या आतच बलून औरंगाबाद ओलांडायच्या बेतात आलं.

बलूनचं काम बघणारे आमचे इंजिनिअर म्हणाले, "आता तोडू या. पुढं काय आहे मला माहीत नाही."

मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. "पुढे काय आहे?"

मी म्हणालो, "पुढे माझा जिल्हा आहे. चांदवडचे डोंगर आणि माळरान. या दिवसांत तिथं काही नसतं. अजून एक तास द्या."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? मनमाड ते नाशिकरोड हा रस्ता मी आगगाडीतून शेकडो वेळा पाहिला होता. उन्हाळ्यात खिडकीतून जे दिसतं ते तपकिरी असतं. त्या तपकिरी रंगात कोण काय पिकवतं हे बघायला मी कधी त्या बाजूला उतरलो नव्हतो. पण त्या खोलीत मी त्या मुलखाचा होतो, म्हणून माझा शब्द चालला. आमच्या तुकडीचे प्रमुख असलेल्या सरांनी मान हलवली, मॅडमनी हलवली, शेवटी इंजिनिअरनीही. तासाभरानं हुकूम गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मी आणि मॅडम रात्रीच्या गाडीनं निघालो आणि सकाळी मनमाडला उतरलो. जीपवाले आमच्या आधी पोचले होते. त्यातला एक जण फलाटावर उभा होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं यंत्र फुटलं.

"यंत्र ठीक आहे," तो म्हणाला. "एक बाई जखमी झाली."

चांदवडच्या अलीकडे एका गावात ती बाई काढलेला कांदा बैलगाडीत भरून शेतातून साठवणीच्या चाळीकडे नेत होती. एप्रिल म्हणजे उन्हाळ कांदा काढायचे दिवस. सगळा शिवार माणसांनी भरलेला. डोंगराआडून भगव्या-पांढऱ्या रंगाचं अवाढव्य कापड आणि त्याखाली पिंप असं एकदम समोर उतरलं. माणसं ओरडत पळाली आणि बैल उधळले. गाडी बांधावरून उलटली. बाईचा उजवा हात कोपरापासून चाकाखाली आला. गावातल्यांनी तिला कांद्याच्या ट्रकमधून नाशिकला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. यंत्राजवळ दोन माणसं रात्रभर राखण करत बसली होती, कारण वर्तमानपत्रात आमचं निवेदन आलं होतं की असं काही सापडल्यास हात लावू नये.

आम्ही आधी यंत्राकडे गेलो. हेही सांगायला हवं. फिल्मचे डबे उन्हात तापून चालणार नव्हते, ते काढून ओल्या गोणपाटात गुंडाळेपर्यंत आम्ही दुसऱ्या कशाकडे बघितलं नाही. मग वर पाहिलं तर समोर अर्धा काढलेला कांद्याचा वाफा आणि उलटलेली गाडी. कांदे सगळीकडे पसरलेले. मॅडमनी पायाशी आलेला एक कांदा उचलून बांधावर ठेवला. मग म्हणाल्या, "हॉस्पिटल."

बाई चाळिशीच्या असतील. हाताला प्लास्टर, बांगड्या काढलेल्या, चेहरा सुजलेला. शेजारी त्यांचे यजमान बसले होते, मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते ते. कामावरून तसेच आले असावेत, बोटांना ग्रीस होतं. आम्ही कोण हे मी सांगितलं. ते उठले नाहीत.

"तुमचं पत्रक वाचलं होतं आम्ही," ते म्हणाले. "यंत्राला हात लावू नका. पन यंत्रानं मानसाला हात लावला तर काय करायचं, ते नव्हतं लिव्हलेलं त्यात."

बाईंनी विचारलं, "भाऊ, एवढं आभाळ पडलंय. आमच्याच शिवारात कशाला उतरवलं?"

मी सांगून टाकलं. म्हटलं, "ताई, आधीच उतरवणार होतो, तिकडं मोकळं रान होतं. मीच म्हणालो की इकडं काही नसतं, अजून एक तास जाऊ द्या."

"काही नसतं?" त्या म्हणाल्या. रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. "कांदा हाय ना."

"मला माहीत नव्हतं."

"कुठले तुम्ही?"

"नाशिकरोडचा."

"आन् माहीत नाय?"

मॅडम मला विचारत होत्या, काय बोलणं झालं. मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू तिला 'मी' म्हणालास. चुकीचं सांगितलंस. 'आम्ही' म्हणायला हवं होतं. खोलीत आम्ही सगळे होतो." मग त्यांनी मला त्यांचं वाक्य मराठीत सांगायला लावलं: हा निर्णय आमच्या सगळ्यांचा होता आणि आम्हाला याचं वाईट वाटतं. मी सांगितलं. बाईंनी मॅडमकडे पाहून मान हलवली. पण मला ते 'आम्ही' बोलताना लाज वाटली. खोलीतल्या दुसऱ्या कुणी त्या गावाजवळून शेकडो वेळा प्रवास केला नव्हता.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, कोपराच्या हाडाचा चुरा झालाय, हात पुरता सरळ व्हायचा नाही. आमच्या मुंबईच्या संस्थेनं नियमाप्रमाणे जी भरपाई द्यायची ती दिली, त्यात टाळाटाळ झाली नाही. पण मला दोन दिवसांत फिल्म घेऊन मुंबईला जायचं होतं. नाशिकरोडला घरी आलो आणि आईला सगळं सांगितलं. म्हटलं, यजमानांची रजा संपेल, मुलगी लहान आहे, तिकडे घर आणि गुरं बघते आहे, हॉस्पिटलात बाईजवळ कुणी नाही.

आई म्हणाली, "डबा मी नेईन. पण चौकशी तू करायची. पत्र टाकायचं, इकडे आलास की जायचं. ते मी करणार नाही."

बाई हॉस्पिटलात होत्या तोवर आई रोज सिटी बसनं डबा घेऊन जायची. तिला गुडघेदुखी होती. घरी फोन नव्हता. मी मुंबईहून शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवायचो. आई तिथंच उलटा निरोप ठेवायची, "आज भाकरी खाल्ली पूर्ण." बाकी काही नाही.

पावसाळा सरल्यावर मी फिल्म घेऊन मॉस्कोला गेलो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एकेक चित्र मोठं करून बघायचं, ठिणग्यांची रेघ कुठून कुठे गेली ते मोजायचं, असं ते काम. आमच्यातले चौघे आणि त्यांच्यातले पाच-सहा. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात कामाची चित्रं शेवटच्या तासाची आहेत. ठिपका तेव्हाच बरोबर डोक्यावर होता. एका रशियन मुलानं माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझा तास!" तो म्हणाला. तिथं सगळे त्याला तसंच म्हणायला लागले, माझा तास. मॅडम तेवढ्या म्हणायच्या नाहीत. मी ती चित्रं बघायचो आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे माझी नजर जायची. यावेळी बाई कांदा भरत असतील. आता बैल जुंपले असतील. दुसऱ्या कुणी ती चित्रं वाचली असती तर बरं झालं असतं, पण मी तसं म्हणालो नाही. माझ्याइतकी ती कुणाला वाचता येत नव्हती आणि त्याचा मला अभिमानही होता. दोन्ही एकाच वेळी होतं.

निष्कर्ष निघायला आणखी काही महिने गेले. निष्कर्ष असा की, आम्ही ज्या ताकदीचे किरण शोधत होतो, ते त्या ठिपक्याकडून येत असतील तर अमुक इतक्यापेक्षा जास्त येत नाहीत. खात्रीनं दिसलं असं काही नाही. विज्ञानात यालाही किंमत असते. पुढच्या माणसाला कळतं की इथं एवढ्या यंत्रानं शोधून उपयोग नाही. आमचा निबंध छापून आला, वर दोन देशांच्या माणसांच्या नावांची मोठी रांग, त्यात माझं बरंच वर. वडिलांनी तो विहारात नेऊन दाखवला.

त्या दिवाळीत मी चांदवडकडे गेलो. मधल्या काळात तीनदा जाऊन आलो होतो, पण दरवेळी उभ्या उभ्या. यावेळी बाईंनी बसवून घेतलं. हात कोपरात वाकडा राहिला होता, पुढे येई पण वर जात नसे. डाव्या हातानं त्यांनी पाणी दिलं. चुलीपुढे त्यांची मुलगी भाकऱ्या करत होती. अपघाताच्या वेळी ती आठवीत होती.

मी विचारलं, "आता दहावी ना?"

मुलीनं भाकरी उलटली. बाई म्हणाल्या, "सोडली शाळा. तवाच सोडली. कांदा चाळीत भरायचा होता, गुरं होती. मग म्हनली आता नाय जात, सगळ्या पुढं गेल्या."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं. हाताची चौकशी केली होती, बैलांची केली होती, भरपाईचे कागद पोचले का विचारलं होतं. आमच्या घरात शाळा ही देवाच्या जागी होती. आईनं मला परीक्षेच्या दिवसांत पाण्याची कळशी उचलू दिली नव्हती. आणि तीन खेपांमध्ये मला त्या घरात एक शाळेतली मुलगी आहे हे आठवलं नव्हतं.

मुलीनंच विचारलं, "दादा, मग सापडलं का ते? वर काय होतं?"

"नाही सापडलं," मी म्हणालो. "म्हणजे, तिथं फारसं काही नाही एवढं कळलं."

ती हसली. आईकडे बघून म्हणाली, "ऐकलं का? तिथं पन काय नसतं म्हने."

बाई तिला रागावल्या, "गप ग." पण त्यांनाही हसू आलं. घरी येऊन आईला सांगितलं. आठवड्यानं आई स्वतः एसटीनं चांदवडला गेली. मुलीला आमच्याकडे पाठवा, नाशिकरोडच्या शाळेत घालू, माझ्या हाताखाली राहील, असं तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी तिला चहा पाजला, कांद्याची माळ बांधून दिली आणि म्हणाल्या, "अक्का, तुमचं मन मोठं हाय. पन पोरगी गेली तर इथं हात कोनाचा?" आई परत आली तेव्हा मी घरीच होतो. तिनं माळ खिळ्याला टांगली आणि मला म्हणाली, "तिचं खरं आहे. मी काय बोलणार?" दोन-तीन वर्षांनी मुलीचं लग्न झालं, येवल्याकडे. नवरा चांगला निघाला असं कळलं. ती हुशार होती की नव्हती, पुढे शिकली असती की नसती, मला सांगता येणार नाही. तिला ते बघायची संधी मिळाली नाही एवढं मला माहीत आहे.

ऐंशीचं दशक निम्मं झालं तेव्हा आम्ही पुन्हा उड्डाण केलं. नवं यंत्र, तोच ठिपका, तीच खोली. मॅडम आता थकल्या होत्या, पण आल्या होत्या. सर निवृत्त झाले होते, त्यांच्या खुर्चीवर मी होतो. माझ्या हाताखाली एक संशोधक विद्यार्थी होता, सोलापूरकडचा. त्याचा सगळा प्रबंध या एका उड्डाणावर उभा होता. वरचा वारा पुन्हा जोराचा निघाला. ठिपका डोक्यावर यायला थोडा अवकाश होता.

इंजिनिअर म्हणाले, "इथं तोडलं तर माळ आहे. पुढचं सांगता येत नाही."

विद्यार्थी माझ्याकडे वळला. "सर, फक्त तासभर. नकाशात पुढे विशेष काही दिसत नाही."

"तू पुढे गेला आहेस कधी?"

"नाही सर. पण..."

"तोडा," मी म्हणालो.

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. रशियन तुकडीतला एक जण जोरात बोलायला लागला की, हा निर्णय एकट्याचा नाही, दोन्ही बाजूंनी मिळून घ्यायचा आहे. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. त्यानं मॅडमकडे पाहिलं. मॅडम चष्मा पुसत होत्या. तो डोळ्यांवर चढवून त्या म्हणाल्या, "आम्ही तोडतोय." हुकूम गेला. यंत्र एका ओसाड माळावर, बाभळीच्या दोन झुडपांमध्ये अलगद उतरलं. फिल्म उत्तम निघाली आणि तिच्यात आम्हाला हवा होता तो भाग नव्हता.

त्या मुलाचा प्रबंध अडला. पुढचं उड्डाण व्हायला दोन वर्षं लागणार होती आणि त्याची शिष्यवृत्ती तोवर पुरणार नव्हती. त्यानं विषय बदलून बघितला, मग सगळंच सोडलं आणि पुण्यात संगणकाच्या एका कंपनीत लागला. जाताना तो भेटायला आला होता. "सर, पुढं खरंच काही होतं का हो?" त्यानं विचारलं. मी नंतर जीप घेऊन तिकडे जाऊन आलो होतो, मुद्दाम. यंत्र तासाभरानं जिथं उतरलं असतं, तिथं नुसता खडक होता, मैलच्या मैल. ते मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पायाशी वाकला आणि गेला. त्याच्या पुण्यातल्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी नाशिकरोडलाच होतो आणि पुणं काही लांब नव्हतं, पण मी गेलो नाही.